लोळणीवरचं पाणी

गोठ्याचं आढं कुणालाही द्यायचं नाही, असं गोदानं घरात बजावून ठेवलं होतं. आषाढातल्या लोंढ्यानं गोठा खाल्ला. भिंती गेल्या, कौलं गेली, दावणीच्या मेखासुद्धा उपटून गेल्या. राहिलं ते हे एक सागाचं लांबलचक आढं, चिखलात अर्धं रुतलेलं. वाडीतल्या दोघातिघांनी ते मागून पाहिलं. एका रविवारी तिच्या नवऱ्यानं, देवरामनंही भीत भीत विषय काढला. तो एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला. आठवडाभर तिकडे, सुट्टीला वाडीत.

"पडून कुजंल गं ते. देऊन टाकू. कुणाच्या तरी घराला लागंल."

"साग कुठं कुजतो?" गोदा म्हणाली. लेकीला तिनं पायांवर उताणी घेतली होती आणि तेलाचा हात त्या गोल पोटावरून फिरत होता. चिमी गुदगुल्या झाल्यागत खिदळत होती. "मलाच लागायचंय ते."

"कशाला?"

"लागंल तवा कळंल."

हात लेकीच्या पोटावरून लोण्यासारखा फिरत होता, आणि आवाज मात्र विळ्याच्या पात्यासारखा. देवराम उठून बाहेर गेला.

वाडी त्र्यंबकच्या पलीकडे, डोंगराच्या पोटाशी. वर कडा, कड्याखाली रानजाई देवीची राई, राईतून उतरणारा ओहोळ, ओहोळाच्या बगलेला एक सपाट माळ आणि माळाच्या खाली वाडीची घरं. त्या माळाला सगळे लोळण म्हणायचे. पावसाळ्यात तिथं पाणी पसरायचं आणि म्हशी दिवसदिवस त्यात लोळायच्या.

राईचा नियम जुना आणि साधा. तिथलं झाड तोडायचं नाही. पडलं तरी उचलायचं नाही. वाळकी काटकीसुद्धा घरच्या चुलीत घालायची नाही. राईत जे पडलं आणि राईला जे वाहिलं, ते देवीचं. ते जाळायचं तर फक्त देवीच्याच चुलीत, देवीच्याच भंडाऱ्यासाठी. त्यामुळे म्हातारे जांभूळ, हिरडे, बेहडे आपल्या मरणानं ओहोळात आडवे व्हायचे आणि तसेच राहायचे. त्यांत पाला अडकायचा, दगड अडकायचे, माती बसायची, एकामागे एक आडोसे तयार व्हायचे.

गोदा नवी सून म्हणून आली तेव्हा राईत दिवा लावायला जाताना सासूनं, भागीबाईनं, तिला ते दाखवलं होतं.

"वरनं पाणी कसं आंधळं सुटतं बघ. हितं आलं का ठेचकाळतं. थांबतं, चढतं, अन् मग बाजूला लोळणीवर जाऊन बसतं. म्हशीवानी. सांजच्याला उठतं, अन् गुमान वाडीतून निघून जातं. आपल्या दारात गुडघ्याच्या वर कधी आलं नाय बघ."

"अन् लाकडं नसती तर, आत्याबाई?"

"नसती म्हंजी? देवीची लाकडं कोण काढंल?"

ज्यानं काढली तो घरचाच होता. शेखर हा भागीबाईचा चुलत दीर. लहानपणी त्याची आई गेली, तेव्हा तो भागीबाईच्या ताटात जेवला, तिच्याबरोबर लोळणीवर म्हशी वळल्या. मोठा झाला, नाशकात जागांच्या व्यवहारात शिरला, इंदिरानगरात बंगला बांधला, आणि मग त्याला गावाची माया फुटली. लोळण त्याच्या वाट्याची होती. तिच्यावर मुरूम पसरून त्यानं कौलारू बंगल्या उभ्या केल्या, दारात फुलझाडं लावली आणि 'धुक्याची ओसरी' अशी पाटी ठोकली. नाशिककरांना शनिवार-रविवारी धुकं बघायला जागा झाली. पण पाण्याला पाटी वाचता येत नव्हती. पहिल्याच पावसाळ्यात ते नेहमीसारखं येऊन लोळणीवर बसलं आणि शेखरचे सोफे तरंगले.

दुसऱ्या वर्षी त्यानं देवळाला फरशी घातली, स्टीलचा कठडा लावला, स्वतःला देवस्थानचा अध्यक्ष करून घेतलं आणि चैत्रात जंगी भंडारा जाहीर केला. सप्ताह बसला. आसपासच्या सगळ्या वाड्यांना जेवण. सरपण? सरपण राईतलं. देवीच्या चुलीला देवीचं लाकूड चालतं, नियमातच बसतं. "ओहोळ कसा घाण झालाय," तो म्हणाला, "देवीच्या पायाशी कुजका पसारा. मोकळा करू." माणसं लागली, करवती लागल्या. आठवडाभर चुली विझल्या नाहीत.

कुणी अडवलं नाही. अडवणार काय? देवीचं काम. बायकांनी पुऱ्या लाटल्या, त्यात गोदाही होती, पोट सांभाळत. बुंदी तिला फार आवडली म्हणून भागीबाईनं आपल्या पत्रावळीतली तिच्या पत्रावळीत सारली. जेवून परत येताना म्हातारी ओहोळापाशी थांबली. काठ उघडे पडले होते. वरपासून खालपर्यंत सरळ, गुळगुळीत घळ.

"आमटी लय चांगली झालती," ती म्हणाली. मग घळीकडे बघत म्हणाली, "पण आपली दारंच जाळली गं आपण, पोरी."

आषाढात एका दुपारी वरून पाणी सुटलं, ते कुठं ठेचकाळलंच नाही. लोळणीकडे वळलं नाही. दगड, माती, मुळं घेऊन सरळ वाडीत शिरलं. चिमी तेव्हा सव्वा महिन्याचीही नव्हती. "तू लेकराला घेऊन चढ," भागीबाई ओरडली, "मी ढोरं सोडते." गोदा चढली. ढोरं सुटली. ती भिजत, हंबरत टेकाडावर आली. सोडणारी आली नाही.

लोळणीवरच्या बंगल्यांत पाण्याचा थेंब गेला नव्हता.

दहाव्याला सगळे नाशकात रामकुंडावर जमले. पिंड मांडला. कावळे कठड्यावर बसून राहिले, एकही खाली येईना. देवराम हात जोडून म्हणाला, "आई, गोठा बांधतो." कावळा नाही. "चिमीला शिकवतो." कावळा नाही. माणसं चुळबुळायला लागली. तेव्हा शेखरनं घसा खाकरला.

"देवीचा कोप आहे हा. मी बोलणार नव्हतो. पण बाळंतिणीची फडकी त्या ओहोळात धुतली जातात, पोराचे लंगोट, सगळं. देवीचं पाणी विटाळलं. ती ऐकेल होय?"

सगळ्या माना गोदाकडे वळल्या. तिनं लंगोट धुतले होते, खोटं कशाला? वाडीतली कोणती आई धूत नव्हती? पावसाळ्यात ते वाळायचे नाहीत, तर भागीबाई गोठ्याच्या आढ्याला दोरी बांधून म्हशींच्या उबेवर टाकायची आणि ऊन ऊन फडकं नातीच्या अंगाशी लावायची. आता त्याच म्हातारीच्या पिंडापुढं तिचं मरण सुनेच्या पदरात टाकलं जात होतं, आणि टाकणारा तिच्याच ताटात जेवलेला होता.

गोदानं पदर पुढं ओढला, पिंडापुढं वाकली आणि मनातल्या मनात म्हणाली, "आत्याबाई, लोळणीवर पाणी परत बसवते. त्याच्या दारातून, त्याच्या पलंगाखालून. अन् कशानं गेलात ते त्याच्याच तोंडून वदवते."

कावळा खाली आला.

त्यानंतर गोदा महिनोन्‌महिने ते आढं तेवढं राखत राहिली. पुरुष मंडळी शेखरकडे संरक्षक भिंत मागत राहिली, तो "बघतो" म्हणत राहिला. माघ गेला, फाल्गुन गेला. चिमी बसायला लागली, रांगायला लागली. उन्हाळ्यात गोदा घरोघर जाऊन बायकांना एवढंच विचारायची, "पाऊस आला का तू लेकरं कुठं नेणार?" मग ती सांगायची काय करायचं ते. लाकूड राईतलं नको, आपलं आणायचं. मोडलेल्या घरांचे वासे, बांधावरची पडलेली झाडं. ओहोळात जिथं जुने आडोसे होते तिथंच आडवी घालायची.

चतुराबाईनं मात्र तिला बरोबर ओळखलं. चतुराबाई वाडीतली सगळ्यांत तोंडाळ विधवा. देवीची चूल सारवायचा मान तिच्या घराकडे.

"गोदे, तुझ्या मनात निस्तं पाणी नाय."

"नाय."

"मग?"

"पाणी बी अडवायचंय मावशी, अन् माणूस बी."

चतुराबाईनं मिश्री लावलेलं बोट तोंडातून काढलं. "मग आज कशाला थांबलीस? चल की."

"आज नाय. आज घातली तर उद्या तो भंडारा घालील. मृगाला तुम्ही चूल बंद करता ना? तवा."

म्हातारी अशी हसली की मिश्री उडाली. मृग लागला की रानजाईची चूल सारवून बंद करायची आणि पावसाळा सरून नवी नागली, म्हणजे नाचणी, घरात येईपर्यंत पेटवायची नाही, ही रीत. तोवर भंडारा नाही. म्हणजे तोवर राईत जे लाकूड पडेल ते काढून न्यायला, जाळायला, कुणालाच वाट नाही. अध्यक्षालासुद्धा नाही.

मृगाला चतुराबाईनं चूल सारवली, वर हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच आढं उचललं. रविवार होता. पुढं देवराम आणि वाडीतले पुरुष, मागं बायका, खांद्याला चुंबळी. चढावर दम लागला की चतुराबाई ओरडायची, "अरे जोर लावा की! भंडाऱ्याच्या वक्ताला तर पातेली रिकामी केलीत!"

"मावशी, तुम्ही काय उचललंय?"

"मी तुमची लाज उचललीय, लय जड हाय."

राईच्या तोंडाशी गोदानं आढ्याला कुंकू लावलं, नारळ फोडला. लाकडावर दोरीचा जुना काळा वळ होता, जिथं लंगोट वाळत घातले जायचे. त्यावरून तिनं बोटं फिरवली. मग सगळ्यांच्या देखत मोठ्यानं म्हणाली, "रानजाई, हे तुला वाहिलं."

दोन काठांवरच्या दोन जिवंत जांभळांच्या बुंध्यांमागं आढं आडवं अडकवलं, म्हणजे पाणी जितकं रेटेल तितकं ते घट्ट बसावं. त्यावर वासे, त्यावर फांद्या, कारवीच्या जुड्या, मध्ये दगड. पुरतं बुजवायचं नाही, फटी ठेवायच्या. पाणी बंद करायचं नव्हतं, दमवायचं होतं. काठात पांगाऱ्याचे आणि निरगुडीचे ओले खुंट ठोकले. ते धरतात, मुळं सोडतात, आणि मग लाकूड कुजलं तरी काठ झाडच सांभाळतं. असे आडोसे वरपर्यंत घालत गेले. चिमीची झोळी हिरड्याच्या फांदीला बांधलेली. येणारी जाणारी एकेक झोका देऊन जायची. दूध पाजायला गोदा झोळीपाशी यायची तेव्हा हात मातीचे म्हणून लेकीला कोपरानंच जवळ ओढायची.

त्या आठवड्यात शेखर आला. पांढरे बूट, काखेत छत्री. ओहोळ बघून आधी तो हसलाच.

"काय हे? सुनबाई, एवढं सरपण कशाला? लग्न काढलं का कुणाचं?"

गोदा मोठ्या माणसांशी समोरासमोर बोलत नसे. तिनं पदर सारखा केला आणि काखेतल्या चिमीला म्हणाली, "चिमे, आजोबांना सांग, सरपण नाय. देवीला वाहिलंय."

"काढा ते. पाणी तुंबेल. माझ्याकडं माणसं येतात राहायला."

"चिमे, आजोबांना सांग, देवीचं लाकूड काढायचं तर भंडारा घालावा लागतो."

"घालतो. उद्या घालतो!"

चतुराबाई पायरीवर बसली होती. "कुठं घालतोस, शेखऱ्या? चूल बंद झाली. आता नव्या नागलीला. तुला ठावं नसंल तर देवळाच्या फरशीवर लिहिलंय बघ, तूच लिहून घेतलंयस. खाली अध्यक्ष म्हणून तुझं नाव बी हाय."

शेखर छत्री आपटत निघून गेला. चार दिवसांनी जेसीबी आला. चालक शेजारच्या वाडीचा पोरगा. राईच्या तोंडापर्यंत मशीन आणलं, कुंकू लावलेलं लाकूड बघितलं आणि इंजिन बंद केलं.

"शेठ, रस्ता सांगा, खड्डा सांगा. राईत मशीन नाय घालायचो. चूल बंद हाय."

"तुला काय करायचंय चुलीशी?"

"मलाबी लेकरं हायेत, शेठ."

मशीन आलं तसं परत गेलं. शेखर मग तहसीलीत जाऊन आला, आणखी कुठं कुठं जाऊन आला. पण गेल्या सालच्या चैत्रात राईतलं लाकूड कुणी काढलं, हेही कुणी तरी विचारेल, असं त्याच्या ध्यानात आलं असावं. त्यानं तो नाद सोडला. "तोंडात मारल्यावानी झालंय त्याचं," चतुराबाई म्हणाली. गोदा म्हणाली, "अजून मारलंय कुठं?"

श्रावणात दोन दिवस डोंगर ढगात बुडाला. तिसऱ्या दिवशी सकाळी वरून तोच आवाज आला, गेल्या सालचा. वाडीतल्या बायका लेकरं घेऊन देवळाच्या ओट्यावर चढल्या. देवराम आणि दोघंतिघं खाली ओहोळाकाठी उभे राहिले. गोदानं चिमीला चतुराबाईच्या मांडीवर दिलं आणि ती ओट्याच्या कडेला गेली. तिथून एका बाजूला राई दिसत होती आणि पायाखाली लोळण.

पाणी आलं. लालभडक, आंधळं. पहिल्या आडोशावर आपटलं, उसळलं, फटींतून फेसाळत गळायला लागलं. दुसऱ्यावर आपटलं. तिसऱ्यावर त्याचा जोर मोडला. आढं हललं नाही. पाणी त्याच्यामागं थांबलं, चढलं, आणि मग जुनी ओळख आठवावी तसं बगलेला वळलं.

"गुडघ्याच्या वर नाय!" खालून देवराम ओरडला. "गोदे! पाणी गुडघ्याच्या वर नाय!"

ओट्यावर बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. गोदा लोळणीकडे बघत होती. पाणी घाईनं नाही, सावकाश पसरत होतं. आधी हिरवळीवर, मग फुलझाडांवर, मग मोटारीच्या चाकांवर. मोठ्या बंगलीच्या ओसरीवर शेखर दिसत होता, खुर्चीवर खुर्ची रचत होता. त्यानं वर बघून छत्री हलवली.

"बोलवतोय तो," चतुराबाई म्हणाली.

"बोलवू दे."

"बुडंल."

"बुडायचा नाय. कमरेइतकं होईल. भिजंल, हाका मारील. आत्याबाईंनी बी मारल्या असतील. मारू दे थोडा वेळ."

असं ती बोलली आणि तिला फार गोड वाटलं. तोंडात खडीसाखर धरून बसावं तशी ती उभी राहिली. आणि मग ओसरीच्या आत, खिडकीच्या गजांना बांधलेली दोरी तिला दिसली. दोरीवर ओळीनं पांढरी, तिकोनी, तळहाताएवढी फडकी.

लंगोट.

गोदा पळत सुटली. पदर कुठं, चपला कुठं, कशाचा पत्ता नव्हता. लोळणीवर उतरली तेव्हा पाणी मांड्यांना लागत होतं. ओसरी ओलांडून ती थेट आत घुसली. आत पलंगावर शेखरची सून योगिनी गुडघ्यांवर उभी होती, छातीशी लेकरू गच्च धरून, आणि पलंगाखाली पाणी डुचमळत होतं.

"काल रात्री आलो आम्ही," ती रडत म्हणाली. "बाबा म्हणाले, पाऊस बघायला छान वाटतं. बाबा म्हणाले, त्या काटक्यांनी काही होत नाही, इथं पाणी येतच नाही..."

"नाव काय याचं?"

"अं? रुद्र."

"दे रुद्रला. तू माझा खांदा धर. बॅग राहू दे. मोबाइल राहू दे गं!"

पोर तिच्या कमरेला चिकटलं, ओलंचिंब, थरथरणारं. चिमीएवढंच वजन. तेच दुधाचा वास येणारं डोकं. गोदाला एकाएकी इतका संताप आला की दात वाजले. या माणसानं तिची सासू नेली होती, आणि आता तो तिला स्वतःसारखी करून सोडणार होता. घटकाभर उशीर झाला असता तर दोघांत काय फरक उरला असता?

दारात शेखर खांबाला धरून उभा होता. "सुनबाई, मला हात दे. पाणी लय..."

गोदानं पहिल्यांदाच त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला. डोक्यावर पदर नव्हता आणि मध्ये चिमीही नव्हती.

"या मागनं. पाय टेकतात तुमचे. आत्याबाईंचे टेकत नव्हते."

ओट्यावर पोचल्यावर बायकांनी योगिनीला घोंगडीत घेतलं. शेखर कठड्याला टेकून धापा टाकत होता. पांढरे बूट लाल झाले होते. पुरुष मंडळीही वर आली होती. समोर लोळण भरली होती. खिडकीच्या खालच्या चौकटीपाशी पाणी येऊन बसलं होतं. 'धुक्याची ओसरी' ही पाटी निम्मी वर दिसत होती. पाणी आवाज करत नव्हतं. म्हशीसारखं बसलं होतं.

"कोप," शेखर पुटपुटला. "देवीचा..."

"थांबा," गोदा म्हणाली.

तिनं रुद्रला मांडीवर आडवं घेतलं. बोलता बोलता त्याचे कपडे उतरवले, ओला लंगोट सोडला, चिमीचं कोरडं फडकं घडी घालून त्याला बांधलं, आपल्या लुगड्याचा आतला कोरडा पदर शोधून डोकं पुसलं. सगळं इतक्या हलक्या हातानं, की पोर रडायचं थांबून तिच्या गळ्यातली पोत चोखायला लागलं. मग तो ओला लंगोट हातात घेऊन ती शेखरपुढं उभी राहिली.

"तुमच्या नातवाचा हाय. घाण झालाय. देवीच्या ओहोळात धुवू का?"

शेखर कठड्याला आणखीच रेलला.

"धुवू का नको? नको म्हणालात तर घाण लंगोट तसाच ठेवते. धू म्हणालात, तर मग कोप कशाचा होता ते सांगा. रामकुंडावर समद्यांसमोर सांगितलंत. आता बी समदे हायेत."

"सुनबाई, झालं गेलं..."

"झालं, अन् कोण गेलं? नाव घ्या."

पाऊस फरशीवर तडतडत होता. योगिनी घोंगडीतून सासऱ्याकडे बघत होती. शेखरनं आधी तिच्याकडे, मग नातवाकडे, मग लोळणीकडे बघितलं. बोलला तेव्हा नाशकातली सगळी बोली गळून पडली होती.

"धू. त्यानं काय व्हतंय? भागावयनी गेली ती... मी लाकडं काढली म्हणून गेली."

"ऐकू नाय आलं रे, शेखऱ्या," चतुराबाई चिमीला झुलवत म्हणाली. "पाऊस लय हाय."

"मी लाकडं काढली म्हणून गेली!" तो ओरडला, आणि ओरडता ओरडता त्याचा आवाज फाटला. "मला ठावं व्हतं पानी कुठं बसतं. मीच म्हशी वळल्यात हितं. तिच्यासंगं."

देवरामनं तोंड फिरवलं आणि बाहीनं डोळे पुसले.

गोदाला वाटलं होतं, हे ऐकलं की आत काहीतरी निवेल. तसं काही निवलं नाही. त्याला ठाऊक होतं, एवढं मात्र आता सगळ्यांना ठाऊक झालं. ती ओट्याच्या पायऱ्या उतरली, आढ्यामागच्या संथ झालेल्या पाण्यापाशी उकिडवी बसली. लंगोट बुडवला, चोळला, पुन्हा बुडवला. घाई केली नाही. स्वतःच्या लेकीचा असता तर जसा स्वच्छ निघाला असता तसा काढला. घट्ट पिळला, झटकला आणि वर येऊन शेखरच्या हातात ठेवला.

"धरा. दोन्ही हातांनी, ताणून. आमच्या गोठ्याचं आढं आता देवीला लागलंय, वाळत घालायला आमच्याकडं जागा नाय."

"किती वेळ?"

"वाळेस्तोवर."

मग ती भिंतीशी जाऊन बसली. चिमीला तिनं पदराखाली घेतलं. रुद्रही सरपटत तिच्या दुसऱ्या मांडीवर येऊन आडवा झाला आणि चिमीच्या पायाचा अंगठा धरून झोपून गेला. शेखर कठड्यापाशी उभा होता, हात पुढं करून, नातवाचं फडकं दोन टोकांनी ताणून धरलेलं. पागोळ्यांचं पाणी त्याच्यावर उडत होतं. हात खाली आले की चतुराबाई नुसती खाकरायची. ते पुन्हा वर जायचे.

ढगांचा रंग बघता परवापर्यंत तरी ऊन पडायची चिन्हं नव्हती.